उस्मानाबादच्या १,३१,७४६ स्त्रिया आणि आरएनएचा एक प्रोब

ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात एक मोठी वैद्यकीय चाचणी सुरू झाली. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तिच्यात समाविष्ट होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी, या प्रश्नाचे जगाला मिळालेले एक निर्णायक उत्तर या जिल्ह्यातून आले. त्याची किंमतही याच जिल्ह्याने मोजली.

या कथेचा पहिला धागा प्रयोगशाळेतला आहे. १९६१ साली हॉल आणि स्पीगलमन यांनी दाखवले की, डीएनएचे दोन धागे सुटे केले तर त्यांपैकी एकाला त्याच्याशी जुळणारा आरएनएचा धागा चिकटतो. या जुळणीला संकरण म्हणतात. १९६९ मध्ये येल विद्यापीठात जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी हीच जुळणी काचपट्टीवरच्या पेशीत घडवून आणली. किरणोत्सारी आरएनए बेडकाच्या अंडपेशींवर सोडला, वर छायाचित्रणाचे द्रावण पसरले आणि पट्ट्या अंधारात ठेवल्या. जिथे जुळणी झाली तिथे काळे ठिपके उमटले. जनुक पेशीत नेमके कुठे आहे, हे प्रथमच डोळ्यांना दिसले.

रोगनिदानाच्या दृष्टीने या पद्धतीचे मोल ‘कुठे’ या शब्दात आहे. ऊतीचा लगदा केला तर विषाणू आहे एवढेच कळते. काचपट्टीवर तो कर्कपेशीत आहे की शेजारच्या निरुपद्रवी पेशीत, हेही कळते. १९८६ मध्ये हाऊ आणि स्टाइट्झ यांनी एपस्टाइन-बार विषाणूचे लघुआरएनए पेशीकेंद्रकात असेच दाखवले. लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांच्या निदानात आज ही तपासणी नित्याची आहे.

दरम्यान जर्मनीत हॅराल्ड त्सुर हाउझन यांच्या गटाने १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ आणि पुढच्याच वर्षी एचपीव्ही-१८ हे विषाणू शोधले. २००८ चे नोबेल त्यांना याच कार्यासाठी मिळाले. आता हा विषाणू हजारो स्त्रियांमध्ये झटपट कसा शोधायचा, हा प्रश्न होता. काचपट्टीची पद्धत त्यासाठी फार संथ होती.

‘हायब्रिड कॅप्चर २’ या चाचणीने काचपट्टी बाजूला ठेवली. गर्भाशयमुखावरून ब्रशने घेतलेला नमुना नळीत विरघळवायचा, डीएनएचे धागे सुटे करायचे आणि १३ धोकादायक एचपीव्ही प्रकारांशी जुळणारे आरएनए-प्रोब त्यात सोडायचे. जुळणी झाली की आरएनए-डीएनए जोडी तयार होते. मायक्रोप्लेटच्या खळग्यांच्या भिंतीवरचे प्रतिपिंड ती पकडते आणि रासायनिक प्रकाश उमटतो. तो यंत्र मोजते. पेशीचा पत्ता हरवतो, पण निकाल परीक्षकाच्या नजरेवर अवलंबून राहत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात हा फरक लहान नव्हता. पॅप चाचणीत काचपट्टी वाचणारा जाणकार लागतो आणि असे जाणकार शहरांत एकवटलेले असतात. (नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ त्याच सुमारास, १९९८ मध्ये, स्थापन झाले.)

पण उस्मानाबादच का? याचे उत्तर शेजारच्या बार्शीत आहे. १९८७ मध्ये तेथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईच्या नोंदणीला रुग्णालयांची कागदपत्रे पुरत असत. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावून सांगू लागले. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी आढळला. शिवाय केवळ या भेटींमुळे रुग्ण आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या, हे कस्तुरी जयंत व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडले. संपूर्ण कथेतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग असावा: यंत्र येण्यापूर्वी माणसे पोहोचली होती.

या पायावर बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था एकत्र आल्या. गावांचे ५२ समूह चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत विभागले गेले. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना ‘प्रचलित सेवा’.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आठ वर्षांत एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी १२७ जणींना, तर चौथ्या गटात ११८ जणींना कर्करोग आढळला. संख्या जवळपास सारखीच. फरक वेळेचा होता. पहिल्या गटात त्यांपैकी ३९ जणींचा रोग पुढच्या टप्प्यांत गेलेला होता, चौथ्यात ८२ जणींचा. मृत्यू अनुक्रमे ३४ आणि ६४. पॅप व ॲसेटिक आम्लाच्या गटांत मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. चाचणी ‘नकारात्मक’ आलेल्या स्त्रियांत पुढे कर्करोग होण्याचे वार्षिक प्रमाण एचपीव्ही गटात लाखात ३.७ होते, पॅपमध्ये १५.५ आणि ॲसेटिक आम्लात १६. एकदाच होणारी भेट एवढी विश्वासार्ह असणे, हे गावपातळीवर फार मोठे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला प्राधान्य दिले, त्यामागच्या पुराव्यांत उस्मानाबाद आहे.

आता ते ६४ मृत्यू. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतील दिंडिगल येथील चाचण्यांवर आक्षेप घेतला. तपासणी न झालेल्या गटांतील १,३८,६२४ स्त्रियांपैकी किमान २५४ जणी या रोगाने दगावल्या, आणि तपासणीचा उपयोग आधीच ठाऊक असताना त्यांना वगळणे अनैतिक होते, असे त्यांचे म्हणणे. उलट बाजूचे उत्तर असे की, त्या भागात तपासणीची सोयच नव्हती, म्हणून कोणाकडून काही काढून घेतले गेले नाही. उत्तर खोटे नाही. तरीही ‘प्रचलित सेवा’ या शब्दांमागे सेवेचा अभाव होता, हे लपत नाही. आणि तो अभाव निसर्गाने नव्हे, धोरणाने निर्माण केलेला होता.

भारताने २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी ॲसेटिक आम्लाची पाहणीच निवडली. तिला आधार आहे: मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हीच पाहणी दोन-दोन वर्षांनी चार वेळा केली असता मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. उस्मानाबादेत ती एकदाच झाली होती. मात्र चार वेळा दारी जाणारी यंत्रणा हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयोगटातील ज्या भारतीय स्त्रियांची ही तपासणी एकदा तरी झाली होती त्यांचे प्रमाण १.९ टक्के भरले.