गायरानावरचा खेळ आणि डोंगरांतलें कुंपण

वाशीम जिल्ह्यांतील जऊळक्यासारख्या वऱ्हाडी गांवीं गायरान म्हणजे काय, हें कोणास सांगावें लागत नाहीं. सरकारी दप्तरांतील ‘ई क्लास’ हें तिचें नांवही लोकांच्या तोंडीं बसलें आहे. जेथें गांवचीं गुरें चरतात, पोरें विटीदांडू खेळतात आणि जेथून जाणाऱ्यास कोणी हटकीत नाहीं, ती ही जमीन. गोल्फसारख्या श्रीमंती खेळाचा विचार गायरानापासून आरंभावा हें वाचकांस विचित्र वाटेल. परंतु या खेळाचें बालपण अशाच जमिनीवर गेलें आहे.

स्कॉटलंडच्या समुद्रकांठीं नांगरास निरुपयोगी असे वाळूचे, गवताळ पट्टे आहेत. तेथें मेंढ्या चरत आणि लोक चेंडू टोलवीत. हें वेड इतकें वाढलें कीं, तिरंदाजीचा सराव मागें पडतो म्हणून १४५७ सालीं तेथील पार्लमेंटानें या खेळास बंदी केली! पुढें १५५२ सालीं सेंट अँड्र्यूज येथील धर्माधिकाऱ्यानें एका सनदेनें तेथील माळावर खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क मान्य केला. सनद मिळाली म्हणजे हक्क कायमचा सुरक्षित झाला, असें मात्र नव्हे. १७९७ सालीं कर्जबाजारी नगरपालिकेनें तो माळ विकला आणि तेथें सशांची पैदास सुरू झाली. ससे मारण्याचा आपणांस अधिकार आहे असें खेळाडू म्हणूं लागले, तेव्हां भांडणें आणि कज्जे यांस ऊत आला. १८२१ सालीं एका स्थानिक जमीनदारानें जमीन विकत घेऊन खेळ वांचविला आणि १८९४ सालीं नगरानें ती पुन्हां आपल्या ताब्यांत घेतली. आजही तेथील प्राचीन मैदानावर रविवारीं सहसा खेळ होत नाहीं. त्या दिवशीं म्हातारेकोतारे, मुलें आणि कुत्रीं त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर खुशाल फिरतात.

हिंदुस्थानांत हा खेळ आला तो मात्र गायरानाची वाट सोडून. कलकत्त्यास १८२९ सालीं आणि मुंबईस १८४२ सालीं इंग्रजांनीं गोल्फचे क्लब काढले. येथें खेळाबरोबर दारही आलें, आणि दाराबरोबर आंत कोणास घ्यावयाचें हा प्रश्नही आला. युरोपियनांच्या बड्या क्लबांत हिंदी गृहस्थांस मज्जाव असे. म्हणूनच १९१७ सालीं गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं दोहोंस खुला असा क्लब मुंबईंत स्थापिला, याचें त्या काळीं नवल वाटलें. वर्णाची अट गेली, हा लाभ लहान नव्हे. परंतु दार राहिलें तें राहिलेंच.

आतां सह्याद्रींत येऊं. लोणावळ्याच्या दक्षिणेस, मुळशी तालुक्यांतील आंबवणें गांवाजवळ कोराईगड उभा आहे. हा किल्ला १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं स्वराज्यांत आणला. १८१८ च्या मार्चांत कर्नल प्रॉथरच्या तोफांनीं गडावरील दारूचें कोठार उडालें आणि गड इंग्रजांच्या हातीं गेला. कोराई देवीचे दागिने त्या वेळीं मुंबईच्या मुंबादेवीस गेले, असें सांगतात. याच मुळशी तालुक्यांत १९२१ सालीं धरणाखालीं जाणाऱ्या जमिनींसाठीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला. डोंगरांतील जमीन कोणाची, हा प्रश्न या भागास नवा नाहीं.

गडाच्या पायथ्याशीं ‘ॲम्बी व्हॅली’ नांवाची खासगी वसाहत उभी राहिली. तींत बंगले, तलाव, विमानांची धांवपट्टी आणि अठरा खळग्यांचें गोल्फचें मैदान आहे. डोंगरांतील गोल्फ सपाटीवरील गोल्फहून निराळा. चढावर मारलेला चेंडू आखूड पडतो, उतारावर तो दूर जातो. पाय एका पातळींत नसल्यास तो आडवा वळतो. आणि हिरवळ सपाट भासली तरी भोंवतालचे डोंगर दृष्टीस फसवितात. हें ज्ञान ग्रंथांतून येत नाहीं, जमीन रोज तुडविणाऱ्यास तें येतें. म्हणून तें सभासदांपेक्षां त्यांच्या काठ्यांचें ओझें वाहणाऱ्या कॅडीजवळ पुष्कळदां अधिक असतें. १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा मूळचा दिल्लीच्या क्लबांतील कॅडीच होता! दाराबाहेरच्या माणसाच्या अंगीं काय असूं शकतें, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आणि दाराआडची मालकी तरी किती स्थिर? २०१७ सालीं, गुंतवणूकदारांचा पैसा परत करण्याच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें हीच वसाहत लिलावास काढण्याचा हुकूम दिला. गड बलाढ्यांच्या हातून गेले, तेथें हिरवळीची कथा काय!

खासगी मैदानें नसावींत, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यानें खर्च केला त्यानें खेळावें. परंतु आठवड्यांतून एक दिवस माळ नगरास परत देण्याची जी रीत सेंट अँड्र्यूजनें पाळली, ती खेळाइतकीच आयात करण्याजोगी होती. खेळ आपण घेतला, रीत तिकडेच राहिली. आज कोराईगडाच्या पायऱ्या कोणीही चढावा, तटावर बसून भाकरी खावी आणि खालचें हिरवेंगार मैदान डोळे भरून पाहावें. त्यावर पाऊल ठेवावयाचें झाल्यास मात्र परवानगी लागते.