पडद्यावर न आलेले नाव : एका परीकथा-चित्रपटाचा इतिहास

१९७३ साली प्रदर्शित झालेल्या ‘सिंड्रेलासाठी तीन हेझलनट’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत पटकथाकार म्हणून बोहुमिला झेलेनकोवा हे नाव होते. पटकथा मात्र त्यांची नव्हती. ती लिहिली होती फ्रांतिशेक पाव्लीचेक यांनी, आणि त्या काळच्या चेकोस्लोव्हाकियात हे नाव पडद्यावर येणे अशक्य होते.

कारण १९६८ मध्ये आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वॉर्सा कराराची सैन्ये देशात घुसली आणि दुबचेक यांच्या सुधारणा संपल्या. एप्रिल १९६९ मध्ये पक्षाची सूत्रे गुस्ताव हुसाक यांच्याकडे गेली. पुढील काळाला राज्यकर्त्यांनी ‘सामान्यीकरण’ असे नाव दिले. शब्द किती निरुपद्रवी! व्यवहारात त्याचा अर्थ असा की, सुधारणांची बाजू घेतलेल्यांचे पद, व्यवसाय आणि लेखणी काढून घ्यायची. पाव्लीचेक प्रागच्या विनोह्राडी नाट्यगृहाचे संचालक होते. पद गेले, लेखनावर बंदी आली. झेलेनकोवा यांनी आपले नाव त्यांना उसने दिले. दिग्दर्शक वात्स्लाव वोर्लीचेक यांनाही हे गुपित ठाऊक होते.

कथेचा आधार बोझेना न्येम्त्सोवा या एकोणिसाव्या शतकातील चेक लेखिकेची परीकथा. पण पाव्लीचेक यांची सिंड्रेला चुलीपाशी रडत बसणारी नाही. ती घोडा दौडवते, शिकाऱ्याच्या वेशात राजपुत्रासमोर अचूक नेम साधते. कांडी फिरवणारी परी येथे नाहीच. आहेत ती तीन हेझलनट आणि त्यांतून निघणारे तीन पोशाख. शेवटी ती राजपुत्राला कोडे घालते : काजळीने माखलेली, पण धुराडे साफ करणारी नव्हे, धनुष्य घेतलेली, पण शिकारी नव्हे, रुपेरी झग्यातली, पण राजकन्या नव्हे. ती कोण?

स्वतःचे नाव लपवून लिहिणाऱ्या माणसाने ‘ओळख कोण’ हे कोडे कथेच्या टोकाशी ठेवावे, हे मला विलक्षण वाटते. अर्थात हे माझे वाचन आहे. ते लेखकाच्या तोंडी घालण्याचा अधिकार मला नाही.

निर्मिती प्रागच्या बारांदोव आणि पूर्व जर्मनीच्या देफा या दोन सरकारी स्टुडिओंची होती. चित्रीकरण मूळ बेतानुसार उन्हाळ्यात व्हायचे होते, ते हिवाळ्यात गेले. ड्रेस्डेनजवळच्या मोरित्झबुर्ग राजवाड्यापाशी बर्फ पुरेना, तेव्हा त्याच्या जागी माशांची भुकटीही पसरली गेली. पडद्यावरची ती शुभ्र भूमी प्रत्यक्षात दुर्गंधीने भरलेली होती! पोशाखांचे श्रेय थिओडोर पिश्तेक यांचे. पुढे ‘आमाडेउस’साठी त्यांना ऑस्कर मिळाले.

पाव्लीचेक यांच्या वाट्याला वेगळेच काही आले. १९७७ मध्ये त्यांनी मानवी हक्कांची मागणी करणाऱ्या ‘चार्टर ७७’ वर स्वाक्षरी केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये प्रागच्या न्यायालयाने त्यांना आणि वात्स्लाव हावेल यांना एकाच खटल्यात स्थगित कारावासाची शिक्षा सुनावली. म्हणजे ज्यांची परीकथा मुले आनंदाने पाहत होती, ते त्याच राज्याचे गुन्हेगार ठरले होते.

नाताळला हा चित्रपट पाहण्याची प्रथा तोवर सीमेपलीकडे रुजत होती. नॉर्वेत तर राजपुत्रापासून सावत्र आईपर्यंत सर्वांचे संवाद क्नुत रिसान या एकाच पुरुषाच्या आवाजात ऐकू येतात आणि प्रेक्षकांना तो बदललेला चालत नाही.

खरा पटकथाकार कोण, हे चेकोस्लोव्हाकियात उघडपणे सांगता आले ते १९८९ मध्ये साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर. तेव्हा पाव्लीचेक साठी ओलांडून गेले होते.