आखातातली बारावी

परीक्षेसाठी समुद्र ओलांडावा लागणं आपल्याला नवं नाही. आय.सी.एस.ची स्पर्धापरीक्षा १८५५ पासून लंडनलाच होत असे. सत्येंद्रनाथ टागोर तिथं जाऊन १८६३ मध्ये ती पास झाले, मुंबई इलाख्यात नोकरीला आले आणि साताऱ्याहून न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. (तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले, म्हणून माझ्यासारख्याला ते जास्त जवळचे.) ही परीक्षा भारतात घ्यायला १९२२ उजाडलं. तोवर ज्याला बोटीचं भाडं परवडेल, त्याचीच हुशारी मोजली जायची.

पुढं हीच वाट उलटी झाली. आमच्या कोकणातली माणसं आखातात गेली, मुलं तिथं वाढली, आणि कॉलेजसाठी परीक्षा कुठल्या मुलखाची द्यायची हा प्रश्न त्या मुलांपुढं येऊन उभा राहिला.

कोकणाला कुवैत परका नव्हता. १९६१ पर्यंत तिथं आपला रुपया चालायचा. रिझर्व्ह बँकेनं १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. १९७३ मध्ये तेलाचे भाव चढले आणि गावागावांतून पोरं निघाली. मागोमाग कुटुंबं गेली, सीबीएसईच्या शाळा निघाल्या. पण बारावी झाली की जमीन संपली. नागरिकत्व नाही, आणि सरकारी विद्यापीठं मुख्यत्वे तिथल्या नागरिकांसाठी. जन्म तिथला, शाळा तिथली, पण अठराव्या वर्षी बहुतेकांना सामान बांधायचंच. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवैत घेतलं, तेव्हा एअर इंडियानं अम्मानहून लाखावर माणसं परत आणली. त्यांत आमच्या भागातली शाळकरी मुलंही होती. दप्तर तिथंच राहिलेलं आणि इथल्या वर्गात मराठी वाचताना अडखळणारी.

अशा मुलांसाठी पुढं सरकारनं एक वाट काढली. २००१ च्या सुमाराला ‘दासा’ नावाची योजना आली. परदेशात राहणाऱ्या मुलांना नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थांत वाढीव जागांवर थेट प्रवेश. फी डॉलरमध्ये. मात्र आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या, आणि त्यांची फी देशातल्या मुलांच्या बरोबरीची. नंतर बरीच वर्षं हा प्रवेश अमेरिकेच्या ‘सॅट’ विषय-परीक्षांच्या गुणांवर होत असे.

आता गंमत बघा. आखातात राहणारं कोकणातलं पोर, जायचं नागपूरला, आणि परीक्षा अमेरिकेची! १९२६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या सॅटच्या कुळातली ती परीक्षा. देशातली मुलं एआयईईई, २०१३ पासून जेईई मेन, देत होती. ही मुलं सॅट. आयआयटी हवी असेल तर मात्र जेईईला पर्याय नव्हता.

२०१४ च्या सुमाराला कुवैतहून माझ्या चुलतभावाचा फोन आला. “भाई, पोरीनं कुठली द्यावी?” घराण्यातला पहिला पदवीधर मी, म्हणून मला विचारलं. मी बी.ए., तेही मराठी घेऊन! तरी बसून समजून घेतलं. सॅटची पदार्थविज्ञानाची परीक्षा तासाभराची आणि प्रश्न ७५, रसायनाचे ८५. प्रश्न आवाक्यातले, पण हात भरभर चालायला हवा. जेईईत विषयाला जवळपास तेवढाच वेळ आणि प्रश्न ३०. एकेकात तीन-तीन धडे गुंफलेले. शिवाय तेव्हा जेईई वर्षातून एकदाच, ऐन बोर्डाच्या परीक्षेला लागून. सॅट वर्षात अनेकदा. तेच गुण अमेरिकेच्या विद्यापीठांनाही चालत. एका किल्लीत दोन कुलपं.

पोरीनं सॅट निवडली. माझ्या मनात आलं, की परीक्षा निवडताना ही पोर मुलूखही निवडते आहे. जेईईची पुस्तकं आणली असती, तर तेव्हाच ठरलं असतं की परतायचं. सॅटमुळं ते दोन वर्षं पुढं ढकलता आलं, आणि घरात कुणालाच ते इतक्यात ठरवायचं नव्हतं.

ही निवडच पुढं संपली. १९ जानेवारी २०२१ ला अमेरिकेनं विषय-परीक्षा बंद केल्याचं जाहीर केलं. अमेरिकेबाहेर त्या मे आणि जूनमध्ये शेवटच्या झाल्या. त्याच वर्षीच्या प्रवेशापासून ‘दासा’लाही जेईई मेनचे गुण लागू लागले. एका अर्थी हे न्यायाचं झालं, सगळ्यांना एकच माप. पण दोन परीक्षांचे अभ्यास वेगळे. अकरावीपासून सॅटच्या वळणानं शिकलेल्या मुलांना मधेच दुसऱ्या रुळावर जावं लागलं, आणि तेही कोविडच्या दिवसांत.

डॉक्टर व्हायचं असलेल्या मुलांची गोष्ट आणखी कठीण. ‘नीट’ कागदावरची, एकाच दिवशी, एकाच वेळी. म्हणून तेव्हा परदेशात केंद्र नव्हतं. जेईई संगणकावर, तिची केंद्रं बाहेरही होती. २०२० मध्ये विमानं बंद असताना आखातातले पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं केंद्र द्यायला नकार दिला. मुलांना ‘वंदे भारत’च्या विमानांनी येऊ द्यावं, असं सांगितलं. २०२१ मध्ये कुवैतला नीटचं परदेशातलं पहिलं केंद्र निघालं, पाठोपाठ दुबईला. २०२४ मध्ये अर्ज सुरू झाले, तेव्हा परदेशातल्या शहरांची नावंच यादीत नव्हती. पालकांनी पुन्हा धावाधाव केली आणि काही दिवसांत १४ शहरांची नावं आली. मधल्या त्या दिवसांत किती घरांनी मुंबईची, कोचीची तिकिटं काढून ठेवली असतील!