सपाट रेषेचा इतिहास : शिराळा तालुका आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गतिवाढ

प्रस्तावना

इ. स. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय भूमंडल-जीवमंडल कार्यक्रमातील शास्त्रज्ञांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील चोवीस आलेख पुढे जगभरच्या इतिहासकारांच्या चर्चेचा विषय झाले. बारा आलेख माणसाच्या व्यवहारांचे होते : लोकसंख्या, खतांचा वापर, धरणे, शहरांतील वस्ती, वाहने इत्यादी. उरलेले बारा पृथ्वीच्या स्थितीचे होते : हवेतील कर्बवायू, जंगलांचा ऱ्हास, जैवविविधता इत्यादी. इ. स. १७५० पासून सुरू होणाऱ्या बहुतेक रेषा दोनशे वर्षे जवळजवळ आडव्या चालतात आणि १९५० च्या सुमारास अचानक उभ्या चढू लागतात. २००५ मध्ये बर्लिन येथील एका परिषदेत या घटनेला जे नाव मिळाले, त्याचा मराठी पर्याय म्हणून प्रस्तुत लेखक ‘महागतिवाढ’ हा शब्द वापरतो. या कालखंडाला ‘मानवयुग’ असे भूशास्त्रीय युगाचे स्थान द्यावे, हा प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये फेटाळला गेला. रेषा मात्र चढलेल्या आहेत, याविषयी दुमत नाही.

भारतापुरते पाहिले तरी चित्र हेच आहे. १९५१ मध्ये ३६ कोटी असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १२१ कोटी झाली. १९५०-५१ मध्ये देशात रासायनिक खतांतील पोषकद्रव्यांचा वापर जेमतेम ७० हजार टन होता. २०१०-११ मध्ये तो २ कोटी ८० लाख टनांच्या घरात गेला. साक्षरता १९५१ मध्ये १८ टक्के होती, ती २०११ मध्ये ७४ टक्क्यांवर पोहोचली.

तथापि जागतिक व राष्ट्रीय आलेख ही सरासरी असते, आणि सरासरीला गाव नसते. म्हणून प्रस्तुत निबंधात सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुका अभ्यासासाठी घेतला आहे. वारणेच्या उत्तर तीरावरचा हा डोंगरी तालुका बत्तीस शिराळ्याची नागपंचमी, समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आणि संभाजी महाराजांच्या सुटकेच्या प्रयत्नाची परंपरा यांसाठी महाराष्ट्राला परिचित आहे. गतिवाढीच्या दृष्टीने त्याचा विचार क्वचितच झाला. याचे एक कारण असे की, तालुक्याची लोकसंख्येची रेषा फारशी चढलेली दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेत ती १ लाख ६३ हजारांच्या आसपास होती आणि आधीच्या दशकाच्या तुलनेत तीत फार थोडी भर पडली होती. ही सपाट रेषाच महागतिवाढीचा पुरावा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९५० पूर्वीची स्थिती

ब्रिटिश काळात शिराळा हे सातारा जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील एक पेठा होते. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे १२ लाख २६ हजार होती. १९०१ मध्ये ती ११ लाख ४६ हजारांवर उतरली. प्लेग आणि १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ या दशकात एकामागून एक आले. पुढे १९१८ च्या एन्फ्लुएंझाच्या साथीने उरलेली वाढही पुसून टाकली आणि १९२१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या तीस वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षाही कमी भरली. लोकसंख्याशास्त्रात १९२१ हे भारताच्या इतिहासातील विभाजक वर्ष मानले जाते; त्यानंतर देशाची लोकसंख्या एकाही दशकात घटली नाही. जागतिक आलेखातील ‘आडवी रेषा’ शांत व स्थिर जीवनाची निदर्शक आहे, असा समज होण्याची शक्यता असते. साताऱ्याच्या आकड्यांत तिचा अर्थ जितके जन्म तितकेच मृत्यू असा निघतो. ही गोष्ट विसरून १९५० पूर्वीच्या खेड्याचे गोडवे गाणे इतिहासाला धरून होणार नाही.

या काळात तालुक्याच्या पश्चिम भागात पावसाच्या पाण्यावरचे भात, पूर्वेकडे ज्वारी व कडधान्ये आणि डोंगरउतारावर नाचणी-वरी अशी शेती होती. सरपण, चारा व घरासाठी लागणारे लाकूड यांसाठी लोक जंगलावर अवलंबून होते. त्यामुळे १८७८ व १९२७ च्या वनकायद्यांचा जाच येथे घरोघरी जाणवत असे. १९३० मध्ये बिळाशी येथे झालेला जंगल सत्याग्रह या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात बिळाशीचा उल्लेख मिठाच्या सत्याग्रहाचे अनुकरण म्हणून एका ओळीत येतो. परंतु समुद्रापासून दूर असलेल्या या गावाने कायदेभंगासाठी झाड निवडले, कारण त्याचे रोजचे भांडण झाडाबद्दलच होते. हा सत्याग्रह सरकारने बळाचा वापर करून मोडून काढला. जंगलावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र तेथेच संपला नाही.

मनिऑर्डरची वाट

जागतिक आलेखांत १९५० हे वर्ष वळणाचे ठरते. शिराळ्यात वळणाचे पहिले चिन्ह त्याआधीच, आणि तेही तालुक्याबाहेर, दिसते. मुंबईच्या कापडगिरण्यांना मजूर पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीच्या जोडीने साताऱ्याचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घेतले जाते. शेजारच्या वाटेगावातून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस अण्णा भाऊ साठे यांचे कुटुंब पायी मुंबईस गेले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. ती एका साहित्यिकाच्या चरित्रातील घटना म्हणून सांगितली जाते. वास्तविक ती या संपूर्ण पट्ट्याची वाट होती.

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढील दोन दशकांत एस. टी. डोंगरी गावांपर्यंत पोहोचली आणि मुंबईचे अंतर दिवसांऐवजी तासांत मोजले जाऊ लागले. शिराळ्याच्या खेड्यांतील तरुण गिरणीत, गोदीत, बाजारपेठांत माथाडी म्हणून कामाला लागले. एका खोलीत गावचे दहा-पंधरा गडी, पाळीपाळीने झोप, खानावळीचे जेवण आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनिऑर्डर, हा त्यांचा जीवनक्रम होता. गावी बायका शेती सांभाळत. विहिरीचे खोदकाम, कौलारू घर, मुलाची शाळेची फी, बहिणीचे लग्न हे सारे या मनिऑर्डरवर झाले. तालुक्यातील बदलाला लागणारे पहिले भांडवल कोणत्याही बँकेने वा योजनेने दिले नव्हते. ते गिरणीच्या सांच्यावरून आले होते.

शिक्षणाची रेषाही याच काळात वर गेली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने या परिसरात माध्यमिक शिक्षणाची वाट घालून दिली होती. १९६२ मध्ये १ मे रोजी जिल्हा परिषदा आणि नोव्हेंबरात कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. २०११ मध्ये सांगली जिल्ह्याची साक्षरता ८१ टक्क्यांच्या पुढे होती. शिकलेला मुलगा गावी राहील ही अपेक्षा मात्र फोल ठरली. वडील गिरणीत गेले, मुलगा कार्यालयात किंवा कारखान्यात गेला. गाव दोघांनीही सोडले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपाचा इतिहास बहुधा गिरणगावाच्या दृष्टीने लिहिला गेला आहे. शिराळ्याच्या दृष्टीने तो मनिऑर्डर थांबल्याचा इतिहास आहे. अनेक कामगार ‘संप मिटेपर्यंत’ म्हणून गावी आले. बऱ्याच जणांचे परतणे झालेच नाही. चढत्या रेषा एखाद्या ठिकाणी अशा एकाएकी तुटतात, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या आलेखात त्याची साधी खोचही उमटत नाही.

पाणी आणि ऊस

गावी परतलेल्या कामगाराला शेतात काय दिसले? वारणाकाठी ऊस. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० मध्ये सुरू केलेली वाट कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात झपाट्याने रुंद झाली. सांगली, वारणानगर, साखराळे येथे कारखाने उभे राहिले. शिराळा तालुक्यात चिखलीस फत्तेसिंगराव नाईक यांच्या पुढाकाराने विश्वासराव नाईक सहकारी साखर कारखाना निघाला. वीज आली, नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, उपसा पंप बसले. भाताच्या खाचरांशेजारी ऊस आला. उसाबरोबर युरिया, सोसायटीचे कर्ज आणि ट्रॅक्टर आले. ज्या खतांच्या आलेखाचा वर उल्लेख केला, त्याचा स्थानिक अवतार म्हणजे सोसायटीच्या गोदामापुढे लागणारी रांग.

या साऱ्याच्या मुळाशी वारणेचे पाणी होते. धरण खुजगावला व्हावे की चांदोलीला, यावर राजारामबापू पाटील आणि वसंतदादा पाटील यांच्यात झालेला वाद जिल्ह्याच्या राजकारणात अनेक वर्षे गाजला. अखेर धरण चांदोलीस झाले. ‘वसंतसागर’ जलाशयाची क्षमता ३४.४० अब्ज घनफूट आहे. धरण तालुक्याच्या माथ्यावर असूनही तालुक्याच्या उत्तर भागातील कोरड्या गावांना पाण्यासाठी वाकुर्डे उपसा सिंचन योजनेची दीर्घकाळ वाट पाहावी लागली. पाणी उताराने खाली जाते. ते वर आणण्यासाठी विजेबरोबर राजकीय वजनही लागते.

धरण, जंगल आणि हादरे

चांदोली धरणाची कथा एवढ्यावर थांबत नाही. जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागले. त्याच वर्षी भोवतालचे जंगल अभयारण्य म्हणून घोषित झाले. २००४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. पाण्याखाली गेलेली आणि जंगलातून हलविलेली गावे शिराळा, वाळवा, हातकणंगले, शिरोळ अशा तालुक्यांत विखुरली गेली. पुनर्वसनाचे कायदे १९७६, १९८६ व १९९९ असे तीनदा करावे लागले, यातच पहिल्या दोहोंचा अनुभव काय होता हे दिसते. पर्यायी जमीन, निर्वाहभत्ता व नागरी सुविधा यांसाठी धरणग्रस्तांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले.

येथे बिळाशीची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९३० मध्ये जंगलावरचा हक्क परकीय सरकारकडून मागितला गेला. पन्नास-पंचावन्न वर्षांनंतर त्याच खोऱ्यातील लोकांना स्वकीय सरकारने जंगलातून बाहेर आणले. कारणही पूर्वीहून निराळे होते, आणि ते सहजासहजी खोटे ठरविता येत नाही. जगभर जैवविविधतेची रेषा खाली जात असताना सह्याद्रीचे हे जंगल राखणे आवश्यकच होते. परंतु ती रेषा खाली नेण्यात ज्यांचा वाटा नगण्य होता, त्यांनीच ती सावरण्याची किंमत भरली. (नागपंचमीस जिवंत नागांच्या पूजेवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे व उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे आलेली बंधने याच प्रक्रियेचा भाग होत, तो स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.) जंगल राखले गेले तरी बिबट्या खालच्या उसात उतरला. आठ-दहा महिने दाट उभे राहणारे उसाचे फड त्याला जंगलासारखेच वाटले असावेत.

याहून विलक्षण बाब भूगर्भातील आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा अभ्यास या भागात सुरू झाला. वारणा जलाशयातील पाण्याची पातळी वाढल्यावर १९९३ पासून त्याच्या परिसरातही भूकंपांचे सत्र सुरू झाले. डिसेंबर १९९३ आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये रिश्टर मापनावर पाचच्या वर वा आसपासचे धक्के नोंदले गेले. जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे हे क्षेत्र जगातील शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचे केंद्र आहे. ‘मानवयुग’ ही संज्ञा भूशास्त्राच्या समितीने नाकारली असली, तरी आरळा-मणदूरच्या परिसरात घराच्या भिंतींना गेलेले तडे पाहणाऱ्याला माणूस जमीन हलवू शकतो हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

सपाट रेषेचा अर्थ

आता तालुक्याच्या न चढणाऱ्या लोकसंख्येकडे परत येता येईल. जन्मलेली माणसे मुंबईच्या जनगणनेत मोजली गेली. १९०१ मधील पावणेआठ लाखांची मुंबई २०११ मध्ये १ कोटी २४ लाखांची झाली, तीत शिराळ्याचा वाटा आहे. अडविलेले पाणी मोठ्या प्रमाणावर खालच्या सपाटीच्या कामी आले. उठलेली गावे इतर तालुक्यांच्या खानेसुमारीत गेली. तालुक्यातून जे बाहेर गेले, त्यावर इतरत्र रेषा चढल्या. ज्या घरांना नदीकाठची जमीन आणि कारखान्याचे सभासदत्व होते, त्यांच्यापुरती गतिवाढ गावातच झाली. ज्यांना यांपैकी काहीच नव्हते, त्यांना ती शोधत जावे लागले.

हा अभ्यास पुढे न्यायचा तर जनगणनेचे खंड पुरेसे पडणार नाहीत. तालुक्यातील जुन्या प्राथमिक शाळांत जनरल रजिस्टरे आहेत. त्यांत प्रत्येक विद्यार्थ्यापुढे शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचे कारण असे दोन रकाने असतात. १९५० ते १९९० या चाळीस वर्षांतील हे दोन रकाने गावोगाव जाऊन उतरवून घेतले, तर कोण, कधी आणि कशासाठी गेले याची एक रेषा काढता येईल. या रजिस्टरांची पाने आज जीर्ण झाली आहेत, आणि पटाअभावी काही शाळा बंद होण्याच्या मार्गावर आहेत. हे काम लवकर हाती घ्यावे लागेल.