एका किल्लीतल्या तीन किल्ल्या

पेडगाव हे परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. तेथील एका शिक्षकमित्राकडून निघताना आम्ही मोटारीच्या किल्लीवरचे बटण दाबले, तर दार उघडेना. मित्राने किल्लीतला नाण्यासारखा घट काढून मीटर लावला. दाब २.९ व्होल्ट! नव्या घटाचा असतो ३ व्होल्ट. ‘घट ठीक आहे, किल्लीच गेली,’ असा निकाल लागला. नवी किल्ली म्हणजे हजारो रुपयांचा भुर्दंड. पण निकाल घाईचा होता. तो का, हे कळण्यासाठी किल्लीचा इतिहास पाहावा लागतो. कारण या एका किल्लीत निरनिराळ्या काळांतल्या तीन किल्ल्या नांदतात.

पहिली धातूची. १८६१ साली अमेरिकेतील लायनस येल यांनी लहान, चपट्या किल्लीने उघडणाऱ्या कुलपाचे पेटंट घेतले. आपल्या किल्लीचे पाते त्याच घराण्यातले. त्याला वीज लागत नाही. आम्ही पात्याने दार उघडले. आतला दिवा लागला, म्हणजे गाडीची बॅटरी शाबूत होती.

दुसरी किल्ली म्हणजे १९९० च्या दशकात रूढ झालेली एक चिप. तिला घट नसतो. इंजिनाच्या कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलेल्या प्रवर्तनाने तिला त्यातून वीज मिळते आणि ती आपली ओळख पटवते. ओळख पटली तरच इंजिन चालते. आमचे चालू झाले. दोष उरला तिसऱ्या, बिनतारी किल्लीत.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात विद्युतचुंबकीय लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली होती. मोटारीचे दार दुरून उघडण्याची सोय १९८२ साली फ्रान्सच्या रेनो फ्यूगो गाडीत आली. पण ठरावीक संकेत चोराला टिपून पुन्हा वापरता येतो. म्हणून १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत गिडियन कून व विलेम स्मिट यांनी ‘कीलॉक’ ही पद्धत घडवली. तीत प्रत्येक दाबाला संकेत बदलतो. किल्ली आणि गाडी दोघीही गणती ठेवतात. खिशात बटण फार वेळा दाबले गेले तर गणती चुकते. पुष्कळ गाड्यांत जवळून लागोपाठ दोनदा दाबले की ती पुन्हा जुळते.

आम्ही तसे केले. उपयोग झाला नाही. राहिला तोच घट. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, म्हणून थकलेल्या घटाचा दाबही चांगला दिसतो. लहरी पाठवताना मात्र काही मिलिअँपिअर प्रवाह लागतो आणि वाढलेल्या अंतर्गत रोधामुळे दाब कोसळतो. मित्राने शाळेच्या पेटीतला १०० ओहमचा रोध घटाला जोडून पुन्हा मोजले. दाब २ व्होल्टच्याही खाली! नवा घट बसवला आणि दार उघडले.

नव्या व जुन्या घटावर हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. रोध क्षणभरच जोडावा. घट मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत; गिळल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते. मीटरने खोटे सांगितले नव्हते. काम न करणाऱ्या घटाचा दाब त्याने बरोबर सांगितला. काम करताना तो किती राहतो, हे आपणच विचारले नव्हते.