विजेचा शेजारधर्म

३१ जुलै २०१२ रोजी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व व ईशान्य भारताचे वीजजाळे कोसळले. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशातील वीज गेली. आमच्या पेडण्याच्या शाळेत मात्र पंखे फिरत होते. दुसऱ्या दिवशी एका मुलाने विचारले, "सर, आपण कसे वाचलो?"

मी म्हटले, "कोलवाळच्या उपकेंद्रात कोल्हापूरकडून वीज येते. आपण पश्चिम जाळ्यात. ते उत्तरेपासून वेळीच सुटे झाले."

मध्य प्रदेशातील बिना-ग्वाल्हेर वाहिनी भाराने बंद पडली, तिचे ओझे इतरांवर गेले आणि वाहिन्या एकामागून एक सुटल्या. खबर नव्हती असे नाही. जादा उचल थांबवा, अशा सूचना भार प्रेषण केंद्रांकडून जात होत्या. प्रतिसाद अपुरा पडला, असे चौकशीत आढळले.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणही जोडली गेली. आता डिचोलीच्या आणि दिल्लीच्या दिव्यांची वारंवारता एकच, ५० हर्ट्झच्या आसपास. पूर्वी काही सेकंदांनी मिळणारे माप उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवलेली नवी यंत्रे सेकंदाला २५ वेळा पाठवतात.

मुलांना मी एवढेच सांगतो : माप यंत्र घेईल, शेजाऱ्याची हाक ऐकून आपली उचल आवरणे आपल्याकडेच आहे.