तीन महापौर आणि वीजखात्याची एक खुर्ची

१/ १३ जुलै १९३१. अमेरिकेच्या वायव्य टोकावरील सिएटल शहराने आपल्या महापौराला मुदत संपण्याआधीच मतपेटीतून घरी पाठवले. चार महिन्यांपूर्वी त्याने शहराच्या वीजखात्याच्या प्रमुखाला बडतर्फ केले होते. एका अधिकाऱ्यासाठी शहर एवढे का पेटले?

२/ या प्रश्नाचे मूळ १९०२ सालात आहे. तेव्हा शहरातील वीज आणि ट्राम एकाच खासगी कंपनीच्या हाती होत्या. मतदारांनी कर्जरोख्यांना मान्यता देऊन सीडर नदीवर स्वतःचे जलविद्युत केंद्र उभारले. १९०५ मध्ये रस्त्यांवरचे दिवे त्या विजेवर उजळले. पुढे तर एकाच रस्त्यावर कंपनी आणि नगरपालिका या दोघांच्या तारा धावू लागल्या.

३/ १९१० मध्ये ‘सिटी लाइट’ हे स्वतंत्र खाते झाले. प्रमुखाला अधीक्षक म्हणत. दर किती ठेवावा, पुढचे धरण कधी बांधावे, कंपनीचे ग्राहक किती जोमाने ओढावेत, हे बव्हंशी त्याच्या कलावर ठरे. त्यामुळे या खुर्चीत कंपनीला अनुकूल माणूस बसला, तर खाते विकत न घेताही कंपनीचे काम होणार होते.

४/ हा संशय लगेचच उद्भवला. महापौर हायरम गिल यांनी नेमलेले रिचर्ड आर्म्स कंपनीला झुकते माप देतात, असा आक्षेप आला. गिल यांच्यावरचा मुख्य राग शहरातील जुगार व वेश्याव्यवसायाला मिळालेल्या मोकळिकीचा होता. त्यात ही भर पडली. फेब्रुवारी १९११ मध्ये मतदारांनी त्यांना पदच्युत केले. नुकताच मताधिकार मिळालेल्या स्त्रियांचा त्यात मोठा वाटा होता.

५/ नवे महापौर जॉर्ज डिलिंग यांनी जेम्स डेलमेज रॉस यांना निवडले. रॉस यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. विद्युतशास्त्र ते स्वतःच शिकले होते. सीडर केंद्राची विद्युतयोजना मात्र त्यांचीच होती.

६/ रॉस यांनी उत्तरेकडील स्कॅगिट नदीवर धरणांची मालिका आखली. १९२४ मध्ये गॉर्ज केंद्राचे उद्घाटन राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी दुरून कळ दाबून केले. १९३० मध्ये पुरे झालेले डायाब्लो धरण तेव्हा जगातील सर्वांत उंच होते. रॉस यांनी तेथे बागा फुलवल्या आणि नागरिकांसाठी सहली सुरू केल्या. आपल्या पैशाचे धरण लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. हे त्यांचे सर्वांत दूरदर्शी काम ठरले.

७/ ९ मार्च १९३१ रोजी महापौर फ्रँक एडवर्ड्स यांनी रॉस यांना काढून टाकले. दुसऱ्याच दिवशी शहरात मतदान होते. स्कॅगिटच्या बांधकामाची सूत्रे नगर अभियंत्याकडून वीजखात्याकडे द्यावीत का, हा त्यातला एक प्रश्न होता. मतदारांनी ‘द्यावीत’ असा कौल दिला.

८/ मग एडवर्ड्स यांच्याविरुद्ध सह्यांची मोहीम उभी राहिली. मॅरियन झिऑनचेक हा तरुण तिच्या अग्रभागी होता; पुढे तो अमेरिकी संसदेत निवडून गेला. एडवर्ड्स यांच्या विरोधात ३५ हजारांहून अधिक मते पडली, तर बाजूने २२ हजारांहून कमी. नवे महापौर रॉबर्ट हार्लिन यांनी रॉस यांना पुन्हा नेमले. १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत रॉस त्या पदावर होते.

९/ १९५१ मध्ये शहराने कंपनीचा सिएटलमधील वीजव्यवसाय विकत घेतला. दुहेरी तारांचे युग संपले.

१०/ तिसरा प्रसंग १९७० च्या दशकातला. महापौर वेस उलमन यांनी अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन विकरी यांना वीजखात्यावर नेमले. त्यांच्या शिस्तीविरुद्ध १९७४ मध्ये कर्मचाऱ्यांनी काम बंद पाडले. पुढे वीज कर्मचारी आणि अग्निशमन जवान यांनी मिळून महापौरांनाच हटवण्याची मागणी केली. जुलै १९७५ मध्ये मतदान झाले आणि उलमन मोठ्या मताधिक्याने टिकले.

११/ खुर्ची तीच, मग निकाल उलटा का लागला? १९११ आणि १९३१ मध्ये प्रश्न मालकीचा होता: वीज शहराची राहणार की कंपनीची होणार? १९७५ पर्यंत तो प्रश्न निकालात निघाला होता. उरला होता तो खात्याच्या अंतर्गत कारभाराचा वाद, आणि त्यासाठी महापौर बदलावा असे मतदारांना वाटले नाही.

१२/ रॉस लोकप्रिय होते, यात शंका नाही. तथापि १९३१ मध्ये सिएटलकरांनी एका माणसाची नोकरी वाचवली एवढाच त्या मतदानाचा अर्थ नाही. आपल्या मालकीच्या धरणाची किल्ली कोणाच्या हाती राहील, हे त्यांनी त्या दिवशी ठरवले.

(समाप्त)